कपोतातले दोन तारे

नवरा गेल्यानंतरच्या पहिल्या माघात एका संध्याकाळी त्याचा तारानकाशा घेऊन मी अंगणात कपोत हा तारकासमूह शोधत होते. त्यातले सगळे तारे फिकट, अल्फा आणि बीटा तेवढे जरा ठळक. शेजारची शेळ्या राखणारी बाई कुंपणापाशी आली आणि तिनं सरळ बोट दाखवलं.

"मृगाच्या खाली ससा, त्याच्या खाली बगा, धरणाच्या अंगाला. दोन हायेत. तुमच्या सरांनी दावलं व्हतं, शेरडं कोंडताना."

मला तिचा फार मत्सर वाटला. तारे बघायला तो मला हाक मारायचा तेव्हा मी म्हणायचे, एवढं पान वाचून संपवते.

"तुमाला न्हाई दावलं?"

"दाखवलं होतं की," मी म्हटलं. मग त्यातला अल्फा कोणता, हे तिला विचारता येईना.