गंगेकाठची मोगलाई

तमाम रयतेस जाहीर करण्यात येते की, निजाम सरकारचे राज्य एके काळी थेट काशीच्या वेशीपर्यंत पसरलेले होते. कोणत्याही नकाशात याचा पुरावा मिळणार नाही. कारण हा राज्यविस्तार आष्टीकडच्या तीन कुणबी माणसांनी आगगाडीच्या डब्यात बसल्या बसल्या केला, आणि तो जेमतेम पाव तास टिकला. त्या तिघांतला एक मी.

निजामाच्या राज्यातल्या आमच्या दुष्काळी मुलखाला सगळे मोगलाई म्हणत. आम्हीही म्हणत असू. सरहद्द ओलांडून नगरकडे गेलं की इंग्रजी अंमल लागायचा. आगगाडी तिकडे होती. आमच्या थोरल्या काकांनी ती नगरच्या बाजाराला गेले असताना एकदा पाहिली, आणि गाडी सुटेपर्यंत ते वाकून तिची चाकंच बघत उभे राहिले. त्यांना सगळं वाकून बघायची खोड. विहीर दिसली की वाकणार, दुसऱ्याच्या बैलगाडीत काय भरलंय ते वाकून बघणार, पंगतीत शेजाऱ्याच्या ताटातसुद्धा वाकणार. "एकदा हिच्यात बसून काशीला जायचं," असं ते दरसाल म्हणायचे. दरसाल ज्वारी काढायला यायची आणि काशी पुढच्या सालावर जायची. मग एका साली ते स्वतःच गेले.

थोरल्या काकूंनी त्यांच्या अस्थी तांब्याच्या लोट्यात ठेवल्या, लोट्याच्या तोंडाला पांढरं फडकं आवळून बांधलं आणि सगळ्या भावकीसमोर सांगितलं, "ही गाठ आता गंगेतच सुटंल." बस्स. आमची काशी ठरली. काकू, धाकटे काका आणि मी. तेव्हा मी विशीतला होतो आणि उर्दू शाळेत सहा यत्ता शिकलेला होतो, म्हणून प्रवासातलं वाचन माझ्याकडे. बाकी सगळी अक्कल धाकट्या काकांकडे.

सरहद्दीवरच्या जकातीच्या नाक्यावर पहिला प्रसंग आला. हातात लांबलचक वही घेतलेल्या कारकुनाला लोट्यात तूप असल्याचा संशय आला. तो म्हणाला, "खोलो." काकू लोटा छातीशी धरून रस्त्यातच बसल्या. अर्धा दिवस बसल्या. शेवटी कारकुनाला भूक लागली, तेव्हा त्याने सोडलं.

गाडीत काकूंनी लोटा खिडकीशी ठेवला आणि स्वतः आत सरकून बसल्या.

"वैनी, माणसाची जागा हाय ती," काका म्हणाले.

"मंग? माणूसच बसलंय."

"लोटा हाय वो तो."

"तुमी गप बसा, भावजी. त्यान्ला बगू द्या."

मनमाडला गाडी बदलायची होती. तिथल्या हिंदुस्थानी बाबूने आमची तिकिटं बघितली आणि घाईत सांगितलं, "मुगलसराय उतरना." काका खूश झाले. "बगितलं का? आपल्या पागोट्यावरून वळखलं त्यानं. मोगलाईतली माणसं म्हनून सराईत उतरा म्हनला. काशीत आपल्यासाठी सराई हाय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सराय हा शब्द माझ्या उर्दूच्या पुस्तकात होता, मुसाफिरांनी उतरायची जागा. मी मान डोलावली. ती मान मी डोलावली नसती तर ही गोष्ट झाली नसती.

मग दिवसच्या दिवस गाडी चालत राहिली. काळी जमीन गेली, डोंगर गेले, साल-सागाचं रान गेलं, माणसांची बोली दोनदा बदलली. आमच्या गाठोड्यातल्या भाकरी कडक होत गेल्या. प्रत्येक नदीला काकू लोट्याकडे तोंड करून सांगायच्या, "ही न्हाई. आजून लांब हाय." आणि धाकटे काका कपाळाला हात लावायचे.

एका सकाळी गाडी मोठ्या स्टेशनात उभी राहिली. बाहेर ही गर्दी. काका म्हणाले, "वाच की रं." पाटीवर उर्दूही होतं, पण अर्धी पाटी हमालाच्या डोक्यावरच्या गादीमागे गेली होती. मी दिसलं तेवढं मोठ्याने वाचलं, "मुगल..."

काकांचा चेहरा उतरला. "आरं, गाडी फिरली. मागारी मोगलाईत आलो आपुन."

एवढ्यात डब्यात कोण शिरावा? बगलेत लांबलचक वही असलेला माणूस. तो काशीचा पंडा होता, यात्रेकरू गाठायला आलेला. पण काकांनी वही पाहिली आणि त्यांना जकातीचा नाकाच दिसला. त्यांनी झटकन लोटा उचलून धोतराच्या सोग्याखाली घेतला.

"यजमान, लोटे में क्या है?" पंड्याने विचारलं.

"घी नै है, साब," काका म्हणाले.

पंडा बुचकळ्यात पडला. "अस्थि है क्या?"

"कुछ बी नै है."

"काशी जाना है तो यहीं उतरो. गाड़ी आगे कलकत्ता जाएगी."

"उतरू नका," काका आमच्यावर खेकसले. "उतरवून घेतंय आन् लोटा उघडाय लावतंय. बसा गुमान. गाडी जाईल काशीला."

पंडा हात हलवून पुढच्या डब्यात गेला. इंजिनाने शिट्टी दिली. मी तरी काय सांगणार? मोगलाई माझ्याच तोंडाने वाचली होती.

काकू खिडकीबाहेर बघत होत्या. फलाटावर पाणी वाटणारा एक ब्राह्मण येईल त्याच्या भांड्यात पाणी ओतत होता. भांडी भरून वाहत होती, पाण्याचा ओघळ फलाटावरून रुळांकडे चालला होता, आणि लोक खुशाल त्यातून पाय भिजवत जात होते.

"भावजी," काकू म्हणाल्या, "ही मोगलाई न्हाई."

"कशावरनं?"

"आपल्याकडं पानी सांडलं तर कुनीतरी वळून बगतं."

काकूंनी काकांच्या सोग्याखालून लोटा ओढून घेतला, फडक्याची गाठ चाचपली आणि लोट्याला म्हणाल्या, "उठा वो. गाडी बदलायची हाय." आणि उतरल्या. मागोमाग मी गाठोडी फेकली. थोरला भाऊ उतरल्यावर धाकट्याला बसून राहणं बरं दिसेना. हलत्या गाडीतून काकांनी उडी मारली, त्यांचं पागोटं मात्र कलकत्त्याला गेलं.

पंड्यानेच आम्हाला काशीच्या गाडीत बसवलं. काका बोडक्या डोक्याने बसले होते. माझ्याकडे तर ते बघतही नव्हते. थोड्याच वेळात चाकांचा आवाज पोकळ झाला, पूल लागला. डब्यातल्या सगळ्यांनी हात जोडले. खाली गंगा होती. आमच्या आष्टीकडचं सगळं शिवार आडवं घातलं असतं तरी मावलं असतं, एवढी.

या वेळी काकू "ही न्हाई" म्हणाल्या नाहीत. त्यांनी लोटा उचलला आणि दोन्ही हातांनी खिडकीबाहेर धरला. पुलावरचं वारं जोराचं होतं. लोटा हातात हलायला लागला.

आणि सगळ्या प्रवासात लोट्याला लोटा म्हणणारे आमचे धाकटे काका एकदम उठून ओरडले,

"वैनी, घट्ट धरा. दादा लई वाकून बगतो."