सत्तूरबाईकडची तुती

बाईचं खरं नाव लोक केव्हाच विसरले होते. उभं आयुष्य शहरात कोंबडीच्या दुकानात गेलं, हातात कायम सत्तूर, म्हणून सत्तूरबाई. तोंड असं फाटकं की तिच्याशी घासाघीस करायची कुणाची छाती होत नसे. "घ्यायची तर घे, नाहीतर घरी जा आणि बायकोचं डोकं खा," असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर सुनवायची. तरी तेच गिऱ्हाईक आठ दिवसांनी पुन्हा दारात. कारण बाईच्या हातचं मांस मऊ असायचं.

त्यातलं इंगित कापण्यात नव्हतं, कापण्याआधी होतं. पिंजऱ्यातून ओढलेली कोंबडी फडफडते, बिथरते, आणि बिथरलेल्या जिवाचं मांस चिवट होतं. म्हणून बाई तिला काखेत घ्यायची, डोळ्यांवर पंजा ठेवायची आणि एरवी कुणाशीही बोलली नसेल अशा मऊ आवाजात बोलायची. "ये गं माझी राणी. काही नाही होत हं. ये गं सोने." कोंबडी शांत व्हायची, मान ढिली सोडायची. मग एक घाव, रक्त डब्यात, आणि बाई लगेच मूळ आवाजावर: "पुढचा कोण रे? तोंड उघड की!"

नवऱ्याने तिच्यावर एकदाच हात उचलला होता. तिने त्याला ठोकळ्यापर्यंत फरफटत नेलं, त्याचा तोच हात ठोकळ्यावर दाबून धरला आणि विचारलं, कुठून तोडू, मनगटातून की कोपरातून? तो जो पळाला तो पुन्हा दिसला नाही. लेकीला बाईने एकटीने वाढवलं. पुढे गुडघे बोलायला लागले तेव्हा दुकान बंद करून तिने गावाबाहेर दोन खोल्यांचं घर घेतलं. मागे वाफे, डझनभर कोंबड्या, एक बोकड आणि अंगणाच्या कोपऱ्यात तुतीचं म्हातारं झाड. म्हातारपणी आपलं आपण खावं आणि आपलं आपण चिडावं, एवढीच तिची इच्छा होती.

त्या वसंतात लेकीचा जबडा मोडला. जावई म्हणाला जिन्यावरून पडली. जावई मोठा गोडबोल्या, बँकेत कामाला, अख्ख्या इमारतीत कुणी त्याचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. बाई दवाखान्यात गेली तेव्हा लेकीचे दात तारांनी बांधलेले होते आणि गळ्यावर बोटांचे वळ होते. जिन्याला बोटं असतात होय? लेकीला बोलता येत नव्हतं. तिने फक्त दाराबाहेर बाकावर बसलेल्या पोरांकडे बोट दाखवलं आणि आईचा हात असा दाबला की नखं रुतली. बाईने पोरं उचलली आणि पहिल्या गाडीने घर गाठलं.

थोरली सात वर्षांची, धाकटा चारचा. थोरलीने जे व्हायचं ते सगळं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. लेकीच्या तारा निघाल्या की पोलीस तिला आणि थोरलीला विचारणार होते. तोवर या पोरांना त्या माणसाच्या हाती लागू द्यायचं नाही, एवढं एकच काम बाईपुढे होतं.

पण पोरं जेवेनात. बाईने काय काय केलं! अंडी उकडली, निखाऱ्यात बटाटे भाजले, दुधात मध घातला. दोघं ताटाकडे बघत बसायची. आपल्या तोंडाला ती भीत असतील, असं बाईला वाटलं. लहान लेकरं, त्यांच्याशी गोड बोलावं. मग तिने तिच्याजवळ होता तेवढा सगळा गोडवा गोळा केला, धाकट्यासमोर उकिडवी बसली आणि हात पुढे करून म्हणाली, "ये रे माझ्या राजा. काही नाही होत हं. ये."

पोरगं पांढरंफटक पडलं. उभ्या उभ्या चड्डीत मुतलं आणि खाटेखाली घुसलं, ते काही केल्या बाहेर येईना.

"आजी, असं नको बोलूस," थोरली म्हणाली. ती भिंतीला चिकटून उभी होती. "बाबा असंच बोलतो. मग मारतो."

बाईच्या अंगाची लाही लाही झाली. ती तशीच मागच्या दारी गेली आणि लाकडं फोडायला लागली. फोडता फोडता जावयाच्या सात पिढ्या उद्धरल्या. त्याच्या आईला, बापाला, ज्याने लग्न जमवलं त्या मेल्याला, कुणाला सोडलं नाही. तेवढ्यात कोंबडा मध्ये आला, तर त्यालाही शिव्या बसल्या. "तू काय बघतोस रे भाड्या? उद्या तुलाच शिजवते!"

मागून खिदळण्याचा आवाज आला. धाकटा उंबऱ्यात उभा होता, ओल्या चड्डीत, आणि हसत होता.

बाईला त्या दिवशी कळून चुकलं. या घरात गोड बोलायचं नाही. तिने तसंच खेकसून फर्मावलं, "ए ढब्बू, नुसते दात काय काढतोस? चड्डी बदल आणि अंडी गोळा कर! आणि तू गं भवाने, टोपली कोण आणणार, तुझी आजी?" "आजी तूच आहेस," थोरली म्हणाली. "तोंड वर करून बोलतेस? चल!" पोरं धावत सुटली. त्या दिवशी दोघं पोटभर जेवली.

मग काय, दिवस असे गेले की बाईलाच नवल वाटायचं. सकाळी पोरं अनवाणी वाफ्यात. मटाराच्या शेंगा वेलावरच फोडून दाणे तोंडात टाकायची, टरफलं एकमेकांच्या अंगावर फेकायची. कोवळी गाजरं उपटून चड्डीला पुसून करकर खायची. कांद्याच्या पातीच्या पिपाण्या वाजवायची. तुती पिकायला लागली तेव्हा तर ताळतंत्रच सुटलं. बाई काठीने फांदी हलवायची, खाली चादर धरून दोघं उभी, आणि फळं पडली की चादर सोडून थेट तोंड. "अरे हावरटांनो, पोट बिघडेल, मग माझ्याकडे रडत येऊ नका!" पोट बिघडलंच. दोघं रात्रभर परसाकडे पळाली आणि सकाळी पुन्हा झाडाखाली हजर.

सगळंच काही गोड नव्हतं. कोंबड्याला दिलेला शब्द बाईने पाळला. ठोकळ्यावर तो कापला तेव्हा थोरली हलली नाही, अगदी जवळ उभी राहून पाहिलं. एकदा मुंगसाने पिल्लं मारली, पाच पिल्लं नुसती गळे फोडून टाकून दिली होती. बाईने ते मुंगूस खुराड्याच्या कोपऱ्यात कोंडलं आणि फावड्याने ठेचलं, पार चिखल होईस्तोवर. धाकटा टाळ्या पिटत होता. थोरली नंतर पुढे झाली, काठीने त्या मेलेल्या मुंगसाला पुन्हा मारलं, आणि मारतच राहिली. बाईने काठी काढून घेतली तेव्हा पोरीची मूठ उघडेना. बाई म्हणाली, "पुरे. मेलंय ते. हात धू."

थोरली सत्तुराजवळून हलायची नाही. ही धार कशाला, ही जाड पाठ कशाला, हजार प्रश्न. बाई तंगडीचं हाड पाठीने फोडून दाखवायची. "धारेने तुटतं, पाठीने मोडतं. कळलं? आता बोटं लांब घे, नाहीतर त्यांचंच सूप करीन."

जावई आला तो भर दुपारी. इस्त्रीचा शर्ट, हातात चॉकलेटचा डबा. पोरं तुतीखाली, बाई अंगणातल्या ठोकळ्यावर कोंबडी तोडत बसलेली. फाटक त्याने हळूच उघडलं, हळूच लावलं.

"आई, किती वाळलात तुम्ही," तो म्हणाला. "उगाच त्रास तुम्हाला. पोरांना न्यायला आलोय."

"जावईबापू, आलात तसे निघा," बाई म्हणाली. "पोरं माझ्याकडे राहणार आहेत."

तो हसला. तिच्याकडे पाठ करून झाडाकडे वळला, वाकला आणि हात पुढे केला. "ये रे राजा. ये ना. बाबा काही करणार आहे का? ये गं सोने."

बाईचा हात थांबला. हा आवाज तिचा होता. उभं आयुष्य तिने हाच आवाज काढला होता, काखेत जीव धरून. आणि तिच्या डोळ्यांदेखत धाकट्याने हातातली तुती खाली ठेवली, मान खाली घातली आणि बापाकडे चालायला लागला. रडला नाही, ओरडला नाही. गेलं नाही तर काय होतं हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या चड्डीतून ओघळ खाली येत होता.

"ढब्बू, मागे हो!" बाई गरजली आणि उठून मध्ये पडली.

जावयाने सहज मारावं तसा तिच्या तोंडावर गुद्दा मारला. बाई ठोकळ्यावर आदळली, दात तुटून जिभेवर आला. गुडघा कळवळला. ती उठायच्या आत त्याने धाकट्याचा दंड पिरगाळून त्याला बाजूला भिरकावलं आणि थोरलीचे केस धरले. त्याला खरी ती हवी होती. केस मुठीला गुंडाळून त्याने तिचं तोंड वर केलं आणि तसाच मऊ, अगदी लाडाने विचारलं, "सांग बरं, आई कुठून पडली? जिन्यावरूनच ना? म्हण. म्हण ना, सोने." आणि तिचं डोकं झाडाच्या बुंध्यावर आपटलं. "म्हण." पुन्हा आपटलं.

पोरीने ओठ आवळून धरले.

बाई उठली. कशी उठली ते तिलाही सांगता आलं नसतं. सत्तूर हातात होता. तिने मागून येऊन तो उगारला तेव्हा नजर त्याच्या मानेवरच होती, कॉलरच्या वर, जिथे कुठल्याही जिवाचं एका घावात काम होतं. तिच्या हाताला ती जागा विचारावी लागत नव्हती. पण त्याच्या खांद्यावरून थोरलीचे डोळे दिसले, उघडे, थेट तिच्यावर लागलेले. मनगट आपोआप फिरलं, आणि सत्तुराची जाड पाठ त्याच्या केस धरलेल्या हातावर बसली.

हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरा घाव गुडघ्यावर. तो कोसळला आणि ओरडला, गुरासारखा ओरडला. बापाचा चढलेला आवाज पोरं जन्मात पहिल्यांदा ऐकत होती. बाईने त्याच्या फासळ्यांत लाथ घातली, पुन्हा घातली, चॉकलेटचा डबा त्याच्या तोंडावर हाणला. "म्हण! जिन्यावरून पडलो म्हण! म्हण ना, माझ्या राजा!" तोंडातून रक्त थुंकत ती मारत होती. तिला बरं वाटत होतं, आणि हे खोटं कशाला सांगायचं, थांबावं असं तिच्या मनात एकदाही आलं नाही.

थांबवलं दूधवाल्याने. रस्त्यावर टेम्पो सोडून तो ओरड्याच्या रोखाने फाटकातून धावत आला, बाईला कमरेत मिठी घालून मागे ओढलं. मग बोलावणी झाली, हवालदार आला. त्याने थोरलीचं रक्ताळलेलं डोकं पाहिलं, बाईचा सुजलेला जबडा पाहिला, आणि जावयाला दूधवाल्याच्या टेम्पोत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. जाताना म्हणाला, "आजी, तुम्हाला पण उद्या ठाण्यात यावं लागेल."

"येईन की. पळून जायला गुडघे कुठे आहेत मला?" बाई म्हणाली.

मग तिने अंगणात पाणी ओतलं. थोरलीची जखम धुतली, हळद दाबली, फडकं बांधलं. धाकटा आजीच्या पदराची गाठ मारत आणि सोडत बसला होता. अर्धी तोडलेली कोंबडी ठोकळ्यावर तशीच पडली होती, तिच्यावर माश्या बसल्या होत्या.

"आजी, बाबा मेला?" धाकट्याने विचारलं.

"नाही."

"परत येणार?"

खोटं बोलायचं बाईच्या जिवावर आलं. "हाडं बसली की येईल," ती म्हणाली. "येऊ दे. मी आहे."

 थोरलीने मान वळवून आजीकडे पाहिलं. रागाने नाही, पण एखादा हिशेब चुकला की मोठी माणसं बघतात तसं.

"तू उलट्या बाजूने का मारलंस?"

  "तुम्ही बघत होतात ना गं," बाई म्हणाली.

"मग सांगायचंस ना," थोरली म्हणाली. "आम्ही डोळे मिटले असते."