डावीकडून चौथी गाय

आमच्या गावात बघण्यासारख्या चार गोष्टी आहेत. चाकणच्या पुढे कंटेनरच्या रांगेतून वाट काढत आलात, तर वेशीपाशी आधी दगडी बारव लागते. मग देवळामागची गढीची पडकी भिंत. मग जुन्या शाळेची खोली, तिच्यावर ‘ग्रामसंग्रहालय’ अशी पाटी आहे. चौथी गोष्ट त्या खोलीच्या अंगणात उभी आहे, छातीएवढा उंच काळा दगड. तो आमचा वीरगळ. उभा अजून आहे, पण त्यात बघण्यासारखं होतं ते मी घालवलं.

संग्रहालय अण्णांनी उभं केलं, म्हणजे माझ्या वडिलांनी. सगळी हयात पिंपरीच्या कारखान्यात फिटर म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावर गावी आले, तेव्हा गावातली शेतं कारखान्यांच्या शेडसाठी सपाट होत होती. अण्णा खोदणाऱ्या मशिनीसमोर जाऊन उभे राहायचे. बकेटमध्ये जातं आलं, उखळ आलं, हात तुटलेली मूर्ती आली की डोक्यावर घेऊन शाळेच्या खोलीत आणून ठेवायचे. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला दगडांचं याड लागलंय. अण्णा प्रत्येक दगडाखाली पुठ्ठ्याची पाटी लावायचे. अक्षर फिटरचं, ड्रॉइंगवर माप लिहावं तसं सरळ आणि नेमकं.

एका बाबतीत ते फार कडक होते. दगडाबद्दल खोटं बोलायचं नाही. गढीतून थेट चाकणच्या किल्ल्यापर्यंत भुयार जातं, असं आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. पाहुण्यांसमोर कोणी ते सुरू केलं की अण्णा तिथल्या तिथे तोडायचे. “भुयार न्हाई आन् काय न्हाई. धान्याचं प्येव हाय ते. दगूड बोलत न्हाई म्हनून त्याच्या नावावर काय बी खपवायचं व्हय?” सांगणारा सरपंच असला तरी त्यांना फरक पडत नसे. मला तेव्हा त्यांची लाज वाटायची.

वीरगळ म्हणजे लढताना पडलेल्या माणसाच्या आठवणीचा दगड; आमचा, गावाची गुरं राखताना मेलेल्याचा. आमच्या लोकांनी त्याला देव मानलं आणि पिढ्यान् पिढ्या तेल-शेंदूर फासला. पुढे एका यात्रेला कोणा उत्साही मंडळाने त्यावर चंदेरी ऑइलपेंट मारला, पुढच्या यात्रेला गुलाबी. अण्णांनी गावाची समजूत काढून तो अंगणात आणला आणि बांबूची कामटी तासून रंग खरवडायला बसले. कामटी, जुना दात घासायचा ब्रश आणि कोमट पाणी. आठवड्याला दोन बोटं जागा मोकळी व्हायची. दोन वर्षं ते हेच करत होते. मला बघवत नसे. मी म्हणायचो, अण्णा, तुमच्यानंतर हा दगड तसाच गुलाबी राहील.

दगडावरच्या चार कोरीव पट्ट्यांपैकी सगळ्यात खालची मोकळी झाली त्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. कोरीव काम झिजून नखाएवढंच वर उरलेलं. आडवा पडलेला माणूस, आणि त्याच्यापुढे चाललेल्या सहा गाई.

“डावीकडनं चौथी बघ,” अण्णा म्हणाले. “समदी पुढं चालल्यात. ही एकलीच मान वळवून मागं बघतीया. राखनारा पडला, ते हिलाच कळलंया.”

मी वाकून बघितलं. खरंच, मान वळवलेली होती. डोळ्याच्या जागी मोहरीएवढी खळी होती. एवढ्याशा दगडात कोणीतरी ते करून ठेवलं होतं आणि शेंदराखाली ते कोणी बघितलं नव्हतं. मी ‘छान आहे’ म्हणालो आणि मोबाईल वाजला म्हणून निघालो. फोटो काढावा असं काही सुचलं नाही.

त्यानंतर अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. शेवटी तर बोटांनीच चाचपून खरवडत बसायचे. निगडीला माझी बहीण राहते, तिच्या घराजवळ ऑपरेशन ठरलं. आधी एक डोळा. पंधरा दिवस तिच्याकडेच राहायचं होतं. गाडीत बसताना म्हणाले, “डोळा नीट झाला की पयली तिला बघतो.” कोणाला, ते मला विचारावं लागलं नाही.

त्या पंधरवड्यानंतरच्या रविवारी पुण्याच्या एका कॉलेजातले इतिहासाचे सर विद्यार्थ्यांना घेऊन वीरगळ बघायला येणार होते. वरच्या तीन पट्ट्या अजून गुलाबीच. आणि चाकणला माझं वर्कशॉप. ओतीव भाग, म्हणजे कास्टिंग, साफ करून त्यांना रंग द्यायचं काम. आमच्याकडे ब्लास्टिंग करतात, म्हणजे हवेच्या दाबाने पोलादी दाणे मारतात. गंज, जुना रंग, जे असेल ते क्षणात उडतं. अण्णांचं दोन वर्षांचं काम माझ्याकडे दहा मिनिटांचं होतं. त्यांना खूश करावं असं मला मनापासून वाटलं. हे मी स्वतःला सोडवून घेण्यासाठी सांगत नाही. तसंच होतं, आणि तेच जास्त लागतं.

चौघांनी मिळून दगड टेम्पोत चढवला. नोझल मी दुसऱ्या कोणाच्या हातात दिलं नाही. तोंड झाकणारा टोप घातला आणि आधी वरून सुरुवात केली. गुलाबी गेला, चंदेरी गेला, शेंदूर गेला. खालची पट्टी तर साफच होती, तिला हात लावायची काही गरज नव्हती. पण सगळा दगड एकसारखा दिसावा म्हणून तिच्यावरूनही फिरवलं. काम अर्धवट सोडायचं नाही, ही आमच्या धंद्याची सवय.

धूळ बसली तेव्हा दगड नवाकोरा दिसत होता. मी खूश होऊन त्याच्यावरून हात फिरवला, आणि हाताला काहीच लागलं नाही. इथे एक फुगवटा, तिथे एक खड्डा. माणूस नाही, गाई नाहीत, माथ्यावरचे चंद्र-सूर्य नाहीत. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझी तर गायच गेली. मी तिथेच ड्रमवर बसलो. कामगारांना वाटलं, धूळ छातीत गेली.

अण्णांना आणायला मी निगडीला गेलो. डोळ्यावरची पट्टी निघाली होती, हिरवा चष्मा होता, तोही ते सारखा वर करत होते. तळवड्यापासून चाकणपर्यंत त्यांनी रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचली. कंपन्यांच्या, वडापावच्या गाडीच्या, कंटेनरच्या मागे लिहिलेलं सगळं. मध्येच म्हणाले, “तुझं क्येस पांढरं झाल्यात की रं. मला कुनी सांगितलंच न्हाई.” मी दर सिग्नलला ठरवत होतो, आता सांगायचं. दर सिग्नल हिरवा झाला.

घरी न थांबता ते सरळ अंगणात गेले. दगडासमोर उभे राहिले. चष्मा काढला. मग हळूहळू उकिडवे बसले आणि डावीकडून बोट फिरवत गेले. चौथ्या जागी बोट थांबलं आणि तिथेच राहिलं.

“कुनी केलं?”

“मी.”

“कशानं?”

“ब्लास्टिंग. पोलादी ग्रिट.”

“प्रेशर किती ठिवलंतं?”

“सहा किलो.”

अण्णांनी मान हलवली. “कास्टिंगला बराबर हाय,” म्हणाले. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले आणि चहा टाकायला सांगितला.

ते ओरडले असते तर मी जगलो असतो, असं मला अजून वाटतं. मी स्वयंपाकघरात आधणाकडे बघत उभा राहिलो. चहा उतू गेला.

रविवारी सर आले, मुलं आली. अण्णांनी बारव दाखवली, गढी दाखवली, भुयाराची गोष्ट खोडून काढली, खोलीतले सगळे दगड दाखवले. मी मागे मागे चालत होतो. अंगणात आल्यावर सर वाकले, दगडावरून हात फिरवला आणि म्हणाले, “यावर काहीच शिल्लक राहिलेलं दिसत नाही. कशामुळे झालं असेल?”

मी पुढे झालो. तोंड उघडलंही होतं.

“ऊनपावसानं झिजला,” अण्णा म्हणाले. “लई जुना हाय.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. सरांकडेच बघत होते, त्या नव्या डोळ्याने. सरपंचालाही न सोडणारा माणूस भर अंगणात दगडाबद्दल खोटं बोलला, आणि ते माझ्यासाठी बोलला. वीरगळाखालची त्यांची पाटी काढलेली होती, हेही मी तेव्हाच बघितलं. विचारायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन त्यांनी करून घेतलं नाही. मी तारीख घेतली की म्हणायचे, “एक पुरं हाय. बघायचं ते बघून झालं.” पुढच्या दिवाळीच्या आत ते गेले.

आता रविवारी खोली मी उघडतो. अण्णांचं कपाट आवरताना त्यांच्या जुन्या जाड चष्म्याचं घर सापडलं, आणि त्यात घडी घातलेला पुठ्ठा. त्याच सरळ अक्षरात लिहिलेलं होतं: ‘वीरगळ. गुरे राखताना पडलेल्या माणसाचा. खालच्या पट्टीत डावीकडून चौथी गाय पाहावी.’

मी तो पुठ्ठा परत त्याच्या जागी लावला आहे. लोक येतात, वाचतात, गुडघ्यांवर बसतात आणि डावीकडून मोजायला लागतात. मोजायला काही नसतं. मग ते वर माझ्याकडे बघतात. पहिले काही रविवार मी अण्णांचंच वाक्य सांगितलं, ऊनपावसाचं. ते माझ्या तोंडात बसेना. ते खोटं त्यांनी मला दिलं होतं, पण वापरायचा हक्क काही मला नव्हता.

आता मी येणाऱ्या लोकांच्या शेजारी खाली बसतो. त्यांचं बोट धरून चौथ्या जागेवर ठेवतो आणि सांगतो, इथे होती. मागे वळून बघत होती. मी घालवली.