तलाव विकणाऱ्याचा सत्कार

आमच्या शहराला समुद्र नाही, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. समुद्र पाहायचा तर इथून अख्खी रात्र बसमध्ये काढावी लागते. तरी आमच्या भागातल्या पुढाऱ्याला साक्षात्कार झाला, की इथं बीच हवा. वसाहतीमागच्या सरकारी तलावाच्या काठावर जी सार्वजनिक बाग आहे, ती बिल्डरला विकायची. त्यानं नदीची वाळू आणून ओतायची, छत्र्या रोवायच्या आणि फाटकावर तिकीट लावायचं. ज्या शहरात नळाला आठवड्यानं पाणी येतं, तिथं ही मंडळी लाटा आणायला निघाली होती.

बाग काही देखणी नव्हती. मोडके बाक, बाभळी आणि पाण्यापर्यंत उतरणारी मोकळी वाट. सकाळी आम्ही निवृत्त लोक तिथं फिरायचो आणि आम्ही परतायच्या वेळी एक बाई मेंढरं पाण्यावर आणायची. तिला आम्ही मावशी म्हणायचो. उन्हाळ्यात आसपासच्या विहिरी आटल्या, की तिच्या कळपाला हा एवढाच काठ उरायचा. बाग गेली तर आमची पोटं सुटणार होती, दुसरं काही नाही. तिला मात्र मेंढरं विकावी लागणार होती.

विक्रीवर हरकती मागवल्याची नोटीस पेपरात आली आणि आम्ही बचाव समिती काढली. समिती म्हटली, की आधी अध्यक्ष, मग उपाध्यक्ष, मग कार्याध्यक्ष. तीन बैठका त्यातच गेल्या. तलावाचा विषय चौथ्या बैठकीत निघाला, तोही चहा यायला उशीर झाला म्हणून. हरकती मात्र आम्ही लिहिल्या. माझं अक्षर बरं, म्हणून मावशीची मीच लिहिली. तिनं अंगठा उठवला आणि विचारलं, "ह्यानं थांबंल का, भाऊ?"

"थांबेल की," मी म्हणालो. कुठल्या तोंडानं म्हणालो, देव जाणे.

मग अध्यक्षांना वाटलं, पुढाऱ्याला समक्ष भेटून निवेदन द्यावं. मावशीही यायला तयार होती. "गाडीत वास येईल," असं एक जण हळूच म्हणाला आणि त्याला कोणी झापलं नाही. मीही नाही. बंगल्यावर पोचलो, तर नेमका पुढाऱ्याचा वाढदिवस. फाटकाबाहेर हारवाले बसलेलेच होते. "रिकाम्या हातानं बरं दिसत नाही," अध्यक्ष म्हणाले. आम्हाला भांडायला जातानाही नारळ लागतो. शाल आली, श्रीफळ आलं, हार आला. शालीचं एक टोक मी धरलं. फोटोवाल्यानं "इकडं बघा" म्हटल्यावर आम्ही झाडून सगळे हसलो. निवेदन पुढाऱ्यानं न वाचताच मागच्या माणसाकडं दिलं. पेढे खाऊन परत येताना अध्यक्ष म्हणाले, "काही म्हणा, माणूस मोठ्या मनाचा आहे."

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं, बीच प्रकल्पाबद्दल तलावकाठच्या नागरिकांतर्फे सत्कार. आम्ही दोन दिवस चिडलो. खुलासा पाठवायचंही ठरलं, पण त्यात आधी कोणाचं नाव घालायचं यावर तो अडला तो अडलाच.

सुनावणीच्या दिवशी साहेबाच्या फायलीत तेच कात्रण होतं. त्यानं ते आमच्याकडं सरकवलं. "सत्कार तुम्हीच केला ना? मग हरकत कशाची?" अध्यक्ष घसा खाकरून पर्यावरणाबद्दल काहीतरी मोघम बोलले. फोटोतल्या सगळ्यांच्या हरकती तिथंच निकाली निघाल्या. मावशी फोटोत नव्हती, म्हणून तिची तेवढी उरली. साहेबानं तिच्याकडं रहिवासाचा पुरावा मागितला. पाल टाकून राहणाऱ्या बाईकडं लाइटबिल कुठलं?

"ही इथलीच आहे, असं कोणी लेखी देतं का?" साहेबानं विचारलं. माणूस वाईट नव्हता, वाट काढून देत होता. रोज तिला रामराम करणारे आम्ही सगळे अध्यक्षांकडं बघत राहिलो आणि अध्यक्ष पंख्याकडं. समितीच्या घोळक्यात सही करणं वेगळं आणि पुढाऱ्याच्या विरोधात एकट्यानं लिहून देणं वेगळं. खिशात पेन होतं, पण मी जागचा हललो नाही. साहेबानं तिची हरकत खोडली.

बाहेर व्हरांड्यात ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"भाऊ, आमच्यात कापायच्या बोकडाला हार घालतेत. तुम्ही कसायालाच घातला. कामून?"

मला स्वतःची शिसारी आली. तरी तोंडातून निघालं ते समितीचंच, "आपण अपील करू, मावशी. वर्ष-सहा महिने लागतील."

"व्हय?" ती म्हणाली. "अन् तवर मेंढरं काय पितील?"