जावेच्या डबीतलं मेण

कपाळावरच्या वाहत्या फोडावर फिरवलेलं बोट मी थोरल्या जावेच्या मेणाच्या डबीत घातलं, आणि वर स्वतःला लई हुशार समजले. विशीतली अक्कल ती. आज ती पोरगी समोर आली तर पाठीत धपाटा घालीन.

भावाचं लग्न महिन्यावर आलेलं, मी करवली, आणि कपाळावर पिवळ्या खपल्यांचे फोड. वाशीच्या डॉक्टरांनी मलमाची नळी दिली. कोमट पाण्यानं खपली भिजवून काढायची, मलम पातळ लावायचं, हात धुवायचे, टॉवेल वेगळा ठेवायचा.

ते बघून जाऊ शेजारणींना म्हणाली, "लांब बसा गं हिच्यापास्नं. आंघोळीचा कंटाळा, मग दुसरं काय व्हणार?"

बाया फिदीफिदी हसल्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. तेव्हा कुंकवाखाली मेण लावायचो. तिची डबी भिंतीतल्या देवळीत असायची. बोट घातलं ते तिथंच.

मग रोज चहा देताना तिचं कपाळ न्याहाळायचं. आज फोड उठेल, उद्या उठेल. कपाळ आपलं घासलेल्या तांब्यासारखं लख्ख! माझे फोड मात्र मलमानं गेले. डागसुद्धा राहिला नाही.

लग्नाच्या आठवडाभर आधी तामलवाडीला माहेरी निघाले. निघणारीला थोरलीनं कुंकू लावायचं, ही आमच्या घरची रीत. जावेनं देवळीतली तीच डबी काढली.

"आक्का, माझं मी लावलंय की."

"असू दे गं. माहेरला चाललीस."

सासूबाई बघत होत्या. नको म्हणावं तर कारण सांगावं लागणार. गप कपाळ पुढं केलं. एसटीत पदरानं खसाखसा पुसलं; तेवढ्यानं काय होतंय!

हळदीला जुन्याच जागी फोड हजर. नळी सासरी राहिलेली. भावाच्या लग्नात ही करवली नाकापर्यंत पदर ओढून कोपऱ्यात बसली. फोटोत माझी नुसती हनुवटी आहे. तो फोटो बघितला की अजून जावेचा गळा धरावासा वाटतो.

परतले तर जाऊ दारात मलमाची नळी घेऊन उभी. माझा पदर वर करून निवांत बघितलं आणि म्हणाली, "तू बोट घातलंस तवा म्या चुलीपुढंच बसले व्हते. मला नवी डबी आणली, जुनी तुझ्यासाठीच ठिवली व्हती. धर ही नळी, आन् आंघोळ करून लाव."