ती भोपळा

त्या दिवशी सकाळी भांडान लागलं ते मिशीवरनं.

ईरम्मानं सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या आपल्या भाजीच्या कट्ट्यावर पोतं हातरलं व्हतं. पोत्यावर गल्लीतली पोरं, आन् हरेक पोराच्या म्होरं एकेक ल्हान भोपळा. दसरा तोंडावर आलेला, शाळेला सुट्टी. एका वाटीत लाल काव, एकीत चुना, एकीत हळद, आन् केसासाठी मागावरनं मागून आनलेल्या रंगीत सुताचा गुंता. सगळ्या भोपळ्यांच्या कपाळाला इबत्तीचं, म्हंजे भस्माचं, तीन पट्टे ओढून झालं व्हतं, काजळाचं डोळं झालं व्हतं. राह्यल्या व्हत्या त्या मिश्या.

"मी मिशी न्हाय काढनार," आरोही म्हनली. दुसरीतली पोरगी, पन हट्ट म्हातारीचा. "माझी नवरी हाय. मला नथ घालायची."

"नवरी?" ईरम्मानं कमरंवर हात ठिवला. "अगं भवाने, भोपळा म्हंजे घरातला थोरला ल्योक. थोरल्याला नथ घालून वरात काढत्यात व्हय कुटं?"

"मला पोरगीच पायजे."

"मंग भेंडी घे. ती भेंडी. नाजूक बी हाय."

बाकीची पोरं फिदीफिदी हसली, आरोहीचं डोळं भरलं. तवा मागं मेथी निवडत बसलेल्या नीलम्माला ऱ्हावलं न्हाय. नीलम्मा म्हंजे ईरम्माची धाकटी जाऊ. तिचं म्हायेर अक्कलकोटाच्या पल्याडचं, कानडी मुलुख. लगीन होऊन आली तवा मराठीचा म येत न्हवता, आन् त्यो, ती, ते ह्याचा घोळ तर तिच्यानं कदी सुटलाच न्हाय. म्हनून ती चारचौघांत बोलायचीच न्हाय. पन त्या दिवशी बोलली.

"आसू दे की अक्का. ती भोपळा लई चांगली दिसत्या."

आरोही ताडकन उठली. "ऐकलं का? नीलाआज्जी म्हनली ती भोपळा! ती! म्हंजे बाईच हाय!"

ईरम्मा आसली हसली की पदर तोंडात कोंबावा लागला. "काय करावं ह्या बाईला! मुंडावळ्या बांधून आली त्याला जमाना झाला, एका चुलीवर भाकरी थापल्या आमी, हिला अजून एक भोपळा बाप्या का बाई कळंना!" मंग डोळं पुसून म्हनली, "बरं. नीला ती म्हनली तर ती. आजपास्नं ह्यो थोरला न्हाय, थोरली. घाल गं नथ. पन आदीच सांगते, हुंडा मी देनार न्हाय."

नीलम्माचं कान लाल झालं. ती खाली मान घालून मेथी निवडत राह्यली.

दुपारी पोरं जेवायला घरला पांगली. ईरम्मानं भाकरी खाल्ली, वर शेंगाची चटनी चाटली, आन् टोपल्यामागं भितीला पाठ टेकली. "ऊन उतरलं की येतील पोरं," म्हनली. "मला उठव. न्हाय उठले तर तू बस त्यांच्यात. बोल की जरा त्यांच्यासंगं. तोंडात काय मिठाची गुळनी धरल्यास?"

नीलम्मा हसली आन् मेथीच्या जुड्या बांधायला लागली.

ऊन उतरलं. नीलम्मा चहा घिऊन आली. "अक्का, चहा." अक्का हलंना. नीलम्माला वाटलं सोंग करत्या. पोरांस्नी हसवायला ईरम्मा डोळं मिटून घोरायचं सोंग करायची आन् पोर जवळ आलं की गपकन धरायची. नीलम्मानं खांद्याला हात लावला, आन् मंग तिला कळलं. डाक्टर म्हनला झोपंतच गेल्या, तरास झाला नसंल.

झोपंतच! जी बाई कदी गप बसली न्हाय, तिनं जाताना हूं का चूं केलं न्हाय. आन् नीलम्माच्या मनाला एकच लागून राह्यलं, की आपुन अक्काशी शेवटचं बोललो ते एकच वाक्य, आन् ते बी चुकीचं.

ईरम्मा वळसंगची. नवरा शिवलिंगप्पा भाजीचा गाडा लावायचा. त्यो गेला, मागनं धाकटा दीर बी गेला, घरात राह्यल्या ह्या दोघी जावा. गाडा जाऊन कट्टा झाला. ईरम्मा बोलायची आन् नीलम्मा तोलायची, आसा त्यांचा धंदा. गिऱ्हाईक मेथी घ्यायला यायचं आन् ईरम्माच्या तोंडाला लागून मेथी, दोडका आन् भोपळ्याची फोड घिऊन जायचं.

भोपळ्याची मातर एक अडचन व्हती. आमच्यात आख्ख्या भोपळ्याला बाईनं पैली सुरी लावायची न्हाय. थोरल्या लेकावर आईनं सुरी चालवल्यावानी हुतं म्हंत्यात. गड्यानं एक घाव घातला की मंग बाईनं किती बी फोडी कराव्यात. आता घरात गडी न्हाय आन् इकायचा भोपळा! मंग ईरम्मा रस्त्यानं जानारा कुनी बी बाप्या आडवायची. अभिमन्यू रिक्षावाला तर त्या गल्लीनं यायलाच भ्यायचा.

"काकू, आत पाशिंजर बसलंय की!"

"पाशिंजर बाप्या हाय का? मंग त्याला बी उतरव. दोन भोपळे हाईत."

एकदा गाडं-कट्टं हटवायला म्युन्शिपाल्टीचा मानूस आला. ईरम्मानं त्याच्या हातात सुरी दिली. "हटवशील की बाबा, आदी एवढा घाव घाल." त्यानं घातला. ईरम्मा म्हनली, "झालं. थोरल्याला हात लावलास, आता तू घरचा झालास. घरच्या मानसानं घरच्या बायकांस्नी उठवायचं व्हय?" त्यो बिचारा फोड घिऊन गेला, परत काय आला न्हाय.

आन् पोरांचं भोपळं सजवनं सुरू झालं ते शाळेच्या एका निरोपावरनं. आरोही पैलीत व्हती तवाची गोष्ट. बाईंनी मोबाईलवर टाकलं, "उद्या येताना एक लहान भोपळा आणा. कोरा." आता बाईंच्या मनात व्हतं की रंग न लावलेला, कोरा भोपळा आना, सजवू हितंच. पन सगळ्या आयांनी वाचलं, कोरा म्हंजे सुरी घिऊन कोरा! मोबाईलवर परदेशातलं नाक-डोळं कोरलेलं भोपळं बघून बघून तसंच झालं असनार. आरोहीची आई सुरी आन् भोपळा घिऊन ईरम्माकडं आली.

"काकू, कसा कोरायचा ओ ह्यो?"

ईरम्मानं कपाळावर हात मारला. "थोरल्याचं डोळं काढायला सांगतीया व्हय तुमची शाळा? काय गरज न्हाय. डोळं काढायचं ते वरनं काढू, काजळानं." तिनं आरोहीला मांडीवर घेतलं, काव कालवली, सुताचं केस चिटकवलं, इबत्ती लावली, वर टोपी घातली, आन् आरोही भोपळा मिरवत शाळंत गेली. तितं बघतीया तर अर्ध्या वर्गाच्या भोपळ्यांस्नी भोकं, भोकांस्नी मुंग्या, वर्गभर वास. आन् हिचा भोपळा टोपी घालून बसलेला. बाई म्हनल्या, "अगं, कोरा आणायचा होता ना?" आरोही म्हनली, "आमच्यात कोरत न्हाईत." बाईंनी डोकं धरलं.

म्हंजे चुकलं सगळ्यांचंच, ईरम्माचं बी. पन तवापास्नं दसऱ्याच्या आदी कट्ट्यावर पोरं जमायला लागली. ईरम्मा भाजीत यीनारं ल्हान, वाकडं, कुनी न घेनारं भोपळं बाजूला काढून ठिवायची. देठ मोडलेला भोपळा पोराला द्यायची न्हाय. शेंडी मोडली की त्यो लवकर सडतो. सुरी न्हाय, टोचनं न्हाय. "आत बिया झोपल्यात," म्हनायची, "त्यांची झोप मोडायची न्हाय. जे करायचं ते वरनं." आन् इबत्तीचं पट्टे सरळच पायजेत. वाकडं झालं की पुसायला लावायची. "थोरल्याचं कपाळ हाय त्ये, सोलापूरचा रस्ता न्हाय."

तर ती ईरम्मा गेली. आमच्यात मेलेल्या मानसाला आडवं न्हाय, बसवून नेत्यात. खुर्चीत बसवली, हार घातलं, कपाळाला इबत्ती लावली. सगळी गल्ली दारात. पोरं आयांच्या पदराआडनं बघत व्हती. तवा आरोही म्होरं आली आन् सगळ्यांस्नी ऐकू जाईल आशी म्हनली, "आज्जीचं पट्टे वाकडं झाल्यात."

तिच्या आईनं तिला मागं वढलं. पन नीलम्मानं बघितलं, खरंच वाकडं झालं व्हतं. कुनी घाईत लावलं व्हतं काय की. तिनं पदराचं टोक भिजवलं, अक्काचं कपाळ पुसलं, आन् तीन बोटांनी नवं पट्टे वढलं. खालचा पट्टा परत जरा वाकडाच आला.

आरोहीची मैत्रीन पिंकी हळूच म्हनली, "चालतंय, नीलाआज्जी."

दसरा गेला. घरातलं दिवसकार्य आटपलं आन् नीलम्मानं कट्टा उघडला. आता तोलायचं बी तिनं आन् बोलायचं बी तिनंच. गिऱ्हाईकाचं कसंबी भागायचं, बोट दावलं की मेथी कळत्या. पन कोपऱ्यात पोरांचं भोपळं तसंच वळीनं बसलं व्हतं. पिंकीच्या भोपळ्याला अजून केस न्हवतं, एकाची मिशी अर्धीच, आन् आरोहीची नवरी एका नथीवर. पोरं काय कट्ट्याकडं येईनात. आयांनी सांगितलं व्हतं, आज्जींस्नी तरास देऊ नगा. पोरांस्नी वाटायचं नीलाआज्जी रागावल्यात, म्हनून बोलत न्हाईत. आन् नीलम्माला वाटायचं, पोरं अक्काची व्हती, अक्कासंगं गेली. अक्कानं एकच काम सांगितलं व्हतं, तू बस त्यांच्यात, बोल. तेवढं बी आपल्याच्यानं हुईना. पोरं आशीच तुटली, तर अक्काचा कट्टा म्हंजे नुस्ता भाजीचा ढीग.

भाजीवर पानी मारताना ती मनातल्या मनात वाक्यं जुळवायची. ये गं. बस गं. त्यो बस का ती बस? आन् पोरं दिसली की सगळी वाक्यं पानी मारल्यावानी खाली गळून जायची.

शाळा सुरू झाली. एक दिवस शाळा सुटल्यावर आरोही दप्तर घिऊन रस्त्याच्या पल्याडच्या कडंनं चालली व्हती, मान खाली घालून. नीलम्मा उठून हुबी राह्यली. तराजू हातातच. आन् काय सुचलं ते बोलून गेली.

"ए आरोही! तुझा नवरी एकटा बसलाय की!"

आरोही थांबली. वळून बघितलं. तिच्या तोंडावर आदी काय कळंना, मंग हळूहळू बाईंवानी तोंड झालं तिचं.

"एकटा न्हाय ओ आज्जी. एकटी. माझी नवरी एकटी बसल्या."

"एकटी," नीलम्मा म्हनली. "मंग ये की. त्यो काव वाळली."

"ती काव!"

"ती काव वाळला."

"आयोऽ!" आरोहीनं कपाळाला हात लावला आन् रस्ता वलांडून आली. येता येता वरडली, "पिंकेऽ, लवकर ये! नीलाआज्जीला मराठीत भोपळा मिळालाय!"

झालं. घटकाभरात पोतं भरलं. पोरं रंगवायची कमी आन् नीलम्माला शिकवायची जास्त. तराजू त्यो का ती? वांगं त्यो का ते? नीलम्मानं चुकायचं आन् पोरांनी लोळायचं. मधीच कट्टाळली की ती कानडीत "साकु, साकु" म्हनायची, म्हंजे पुरं झालं आता, तर पोरं त्येच धरून बसली, साकु साकु. पिंकीच्या भोपळ्याला केस लागलं. अर्धी मिशी पुरी झाली. दसरा हुऊन गेलाय ह्याचं कुनालाच काय पडलं न्हवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलम्मा भाजी मांडत व्हती, तर आरोहीची आई तरातरा आली. हातात पोरीचा शाळेचा शर्ट, त्याच्यावर म्होरनं सगळा लाल कावंचा डाग.

"नीलम्माकाकू, ह्ये बघा! किती घासला, जात न्हाय. आन् केसात सूत, नखात चुना, आन् रात्री जेवताना साकु साकु करत उठली! तुमी काय बघत बसला व्हता का? शाळंत मी काय सांगू आता?"

एवढं बोलली आन् एकदम गप झाली. कालपरवा घरातलं मानूस गेलेल्या बाईला आपुन काय बोलायलोय, आसं तिच्या मनात आलं असंल. शर्टाची घडी घालायला लागली.

नीलम्मानं मेथीची टोपली सरकवली. कट्ट्यावर एका मानसापुरती जागा केली, पदरानं पुसली.

"बस की," म्हनली. "फुडं सांग."