ट्रॉलीखालची सावली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोराला नाही, शहरात राहणाऱ्या सख्ख्या भावालाही नाही. ट्रॉलीचं सगळ्यांना माहीत आहे — तेव्हा पिशोरात जो तो तेच बोलत होता. पण त्याच्या आधी काय झालं, आणि नेमक्या त्या वेळी काय झालं, हे माझ्याजवळच राहिलं. आता का सांगतोय? नीट सांगता येणार नाही. लिहायला बसलोय, एवढं खरं.

मी शेतकरी. पिशोरच्या शिवारात आमची जमीन आहे, तिच्यात अद्रक. अद्रकाच्या काढणीला माणसं लागतात. गावात ती मिळेनाशी झाली तशी सातपुड्याच्या पलीकडून, मध्य प्रदेशातून, कुटुंबंच्या कुटुंबं यायला लागली. थंडीत येतात, उन्हाळा तापेपर्यंत राहतात. विहिरीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी त्यांना उतरवायचो. नवरा-बायको दोघंही कामाला, लेकरं वावरात. तान्ही झोळीत, रांगती मातीत, आणि जरा कळत्या पोरी त्यांच्या राखणीला. हे इतकं नेहमीचं होतं की तिकडं बघायचं असतं हेच कधी सुचलं नाही.

सुचलं नाही — हे लिहिलं, पण ते खरं नाही. मला सुचवलं गेलं होतं. दोन बाजूंनी.

माझी बायको सुनीता गावात अंगणवाडी सेविका आहे. आमच्या वावरापासून अंगणवाडीची खोली दिसते, मध्ये दोन बांध आणि एक गाडीवाट. त्या साली — पंधरा वर्षं तरी झाली असतील — काढणी सुरू झाली आणि ती जेवताना मला म्हणाली, "शेडवरच्या बायांना सांगा की, लेकरं माझ्याकडं पाठवा म्हणून, रांगती बी मी सांभाळीन. बाहेरगावची असली तरी घ्यायची असतात, कागद असो नसो. मिटिंगमधी सांगितलंय आम्हाला." मी हो म्हणालो. ती हसून पुढं म्हणाली, "इसरू नका. तुम्हाला अद्रकापुढं माणूस दिसत नाय."

मी विसरलो नाही. विसरलो असतो तर आज सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

कारण त्याच आठवड्यात ग्यारसीनं मला विचारलं. ग्यारसी म्हणजे मजुरांच्या टोळीतली सगळ्यात झपाट्यानं काम करणारी बाई. बोलायची कमी, आणि बोलली तरी तिची हिंदी अर्धी तिच्या बोलीत. बुधा नावाचं रांगतं पोरगं होतं तिला, आणि त्याच्या राखणीला थोरली लेक रेमा. रेमा आठ-नऊ वर्षांची असेल. भारी नकल्या पोर. मी टोळीवर ओरडायला लागलो की ती माझ्यामागं कमरेवर हात ठेवून, पोट पुढं काढून, "आटपा, आटपा" करायची आणि बाया तोंडाला पदर लावायच्या. मला कळायचं. मी न कळल्यासारखं करायचो.

बाजाराच्या दिवशी ग्यारसीनं अंगणवाडीच्या ओट्यावर लेकरं खिचडी खाताना बघितली होती. दुसऱ्या दिवशी वाफ्यात उभी राहून तिनं तिकडं हात केला आणि म्हणाली, "सेठ, वो बच्चों का घर है ना. इसको उधर रख लेंगे क्या?"

मी काय म्हणालो? म्हणालो, तिथं गावातलीच लेकरं घेतात. बाहेरची चालत नाहीत. इथलं रेशनकार्ड लागतं.

तिनं मान हलवली आणि खाली बसून खणायला लागली. हुज्जत नाही, परत विचारणं नाही. अशी उत्तरं तिला ठिकठिकाणी मिळाली असतील, त्यातलंच हे एक.

आणि संध्याकाळी घरी सुनीतेनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, "विचारलं. नाय म्हणतात. दुसऱ्याकडं लेकरं सोडत नाहीत ती लोकं." ती म्हणाली, "व्हय, आईचा जीव. परक्या गावात कुणाच्या भरवशावर टाकावं?" माझ्या खोट्याला तिनं स्वतःच्या चांगुलपणाचं अस्तर लावलं. त्या दोघी समोरासमोर येऊ नयेत एवढं मी बघितलं. शेडवर काही न्यायचं-आणायचं असलं की मीच जायचो.

का केलं असं? तुम्ही विचाराल म्हणून नाही, मीच स्वतःला विचारत आलोय. अंगणवाडी दुपारी सुटते. सुटली की आया लेकरं आणायला जाणार, त्यांना पाजणार, निजवणार, मग परत वावरात. ऐन दुपारचं काम मोडणार. अद्रक धुऊन बाजाराला पाठवतात त्या धुलाई सेंटरवर माझा नंबर लागलेला होता, भाव चढा होता, आणि मला माल लवकर हलवायचा होता. बस, एवढंच. फार मोठं कारण असतं तर एक वेळ... नाही, तेही म्हणत नाही. काढणी संपली की ही माणसं जातील, थोड्या दिवसांचा तर प्रश्न, असं मी मनाशी धरलं होतं.

अद्रकाच्या वावरात झाड नसतं. बांधावरचे लिंब मी आधीच काढून टाकले होते, त्यांच्या मुळ्या वाफ्यात शिरतात म्हणून. त्यामुळं ऊन तापलं की वावरात सावली एकच — ट्रॉलीखालची. टोळी काढत पुढं सरकते, तशी भरती ट्रॉली मागून थोडी थोडी पुढं घेतात. बाया लेकरं त्या सावलीत निजवायच्या आणि ट्रॉली हलायच्या आधी उचलायच्या. ट्रॅक्टर गावातल्या रशीदभाईंचा होता. ते सीटवर बसायच्या आधी ट्रॉलीच्या फळीवर हातानं धाडधाड वाजवायचे आणि "बच्चे निकालो" म्हणून ओरडायचे. राखणीची पोर आपलं लेकरू ओढून घ्यायची. सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं ते.

त्या दुपारी, अंगणवाडी सुटायला अजून अवकाश होता तेव्हा, बुधा सावलीत झोपला होता. रेमा त्याच्या उशाला बसून मातीत काहीतरी रेघोट्या ओढत होती. झोपली नव्हती. हे मी स्वच्छ सांगू शकतो, कारण मी तिच्याकडं बघत होतो. मला तहान लागली होती. मी तिला हाक मारली आणि म्हणालो, शेडवरून माझी पाण्याची कळशी घेऊन ये. तिनं बुधाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी हातानं "जा" केलं. ती पळत गेली.

मग मला फोन आला. धुलाई सेंटरवाल्याचा. बोलत बोलत मी बांधाकडं गेलो.

फळी वाजली ती मी ऐकली. "बच्चे निकालो" तेही ऐकलं. बाकीच्या पोरी उठल्या. बुधाला उचलणारं तिथं कुणी नव्हतं, हे त्या वावरात फक्त मला माहीत होतं — आणि मी फोनवर भावाची घासाघीस करत होतो.

चाक त्याच्या पायावरून गेलं.

पोरगं जगलं. शहरात मोठ्या दवाखान्यात नेलं. वाटेतली फुलंब्री मागं पडली, शहराच्या तोंडाशी हर्सूल आलं, तोवर ते रडायचंही थांबलं होतं आणि मला वाटलं संपलं. पण जगलं. पाय मात्र घोट्यापासून वाकडा राहिला.

पण मला सांगायचं आहे ते गाडीत बसायच्या आधीचं. ग्यारसी धावत आली, तिनं पोराला उचललं, तो पाय बघितला. तेवढ्यात रेमा कळशी घेऊन येऊन पोचली. ग्यारसीच्या कडेवर पोर, तरी एका हातानं तिनं रेमाला मारायला सुरुवात केली. कुठं गेली होतीस, झोपली होतीस का, असं ओरडत होती. तिची बोली मला पुरती कळत नाही, पण एवढं कळलं. रेमा मार खात उभी राहिली आणि तिनं माझ्याकडं बघितलं. पाणी सेठनं मागवलं होतं, एवढं तिनं म्हटलं असतं तरी झालं असतं. पण सेठ समोर उभा असताना ते कसं म्हणावं? ती माझ्या बोलण्याची वाट बघत होती.

मी बोललो. काय बोललो, ऐका. म्हणालो, "लेकराकडं लक्ष ठेवायला नको का?"

त्या दिवसानंतर हे वाक्य मी कुणासमोर उच्चारलेलं नाही.

नंतर सुनीता दवाखान्यात आली. तिला येऊ नको म्हणायला कारण नव्हतं. ती ग्यारसीजवळ बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दोघी रडत होत्या. आणि मी खांबाला टेकून उभा, घामानं भिजलेला — कशासाठी, सांगू? पोराच्या पायासाठी नाही. यांच्यातली एक दुसरीला विचारेल, "मग अंगणवाडीत का नाही ठेवलं?" — या भीतीनं. कुणीच विचारलं नाही. घरी येताना सुनीता फक्त म्हणाली, "पाठवलं असतं त्यांनी तर..." आणि वाक्य सोडून दिलं. मी ते तसंच राहू दिलं.

त्यानंतर सुनीतेनं बाहेरच्या लेकरांचं नाव काढलं नाही. ती कामचुकार नाही. तिला खरोखर वाटतं की त्या बाया लेकरं सोडत नाहीत. नव्या सेविकांनाही ती तसंच सांगते, समजावून, जिव्हाळ्यानं. दर हंगामात टोळ्या येतात, अंगणवाडीची खोली उघडी असते, आणि लेकरं वावरात असतात. त्यातली किती माझ्या एका वाक्यानं तिथं आहेत? रशीदभाई आजही सीटवर चढायच्या आधी गुडघे टेकून ट्रॉलीखाली वाकून बघतात. वय झालंय, उठताना चाकाला धरून उठतात. मी बघतो आणि दुसरीकडं तोंड करतो.

यंदा शेजारच्या वावरात टोळी उतरली. तिच्यात एक बाई पाठीला तान्हं बांधून खणताना दिसली. इतर बायांची लेकरं खाली मातीत होती, हिचं पाठीवर. उन्हात, वाकलेल्या पाठीवर, दिवसभर. मी बांधाच्या कडेनं जात होतो तर तिनंच ओळखलं. "राम राम सेठ," म्हणाली. रेमा होती.

बुधाचं विचारलं. चालतो म्हणाली, वाकडा, पण शाळेत जातो. मग मी — कशाला, कोण जाणे — म्हणालो की लेकरू उतरव जरा खाली, पाठ मोडेल तुझी. ती हसली. पूर्वीची नकल्या पोर त्या हसण्यात क्षणभर दिसली आणि गेली. म्हणाली, "नहीं सेठ. मैं उस दिन सो गई थी ना. मेरा भरोसा नहीं."

ती झोपली नव्हती. ती पळत माझ्यासाठी पाणी आणायला गेली होती. पण इतकी वर्षं घरात तेच ऐकून आता तिला तसंच आठवतं. तिची आठवणसुद्धा तिची राहिलेली नाही. आणि मी तिथं बांधावर उभा होतो, तिच्यापासून हाताच्या अंतरावर. तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांचं काम होतं. मी "काम चालू दे" म्हणालो आणि घरी आलो.

अजून काढणी चालू आहे. टोळी तिथंच आहे. समोर अंगणवाडीची खोली आहे, रोज उघडते, आणि आत माझी बायको असते.

सुनीतेला सांगायचं आहे की ग्यारसीनं विचारलं होतं, नाही मी म्हणालो होतो. रशीदभाईंना सांगायचं आहे की पोरीला मी हटवलं होतं. ग्यारसीला सांगायचं आहे की तिनं मारलं ते चुकीच्या माणसाला. आणि रेमाला सांगायचं आहे की ती जागी होती.

यातलं मी अजून कुणालाच काही सांगितलेलं नाही.